नाव हरवलेली स्वयंपाकीण

इंग्रजी शब्दकोशात ‘टायफॉईड मेरी’ असा एक शब्दप्रयोग सापडतो. ज्याच्यामुळे रोग किंवा एखादी अनिष्ट गोष्ट चहूकडे पसरते, अशा माणसाला उद्देशून तो वापरतात. वाङ्मयातील पात्रे शब्दकोशात गेल्याची उदाहरणे आपल्याला ठाऊक असतात. ही मेरी मात्र कुणा कादंबरीकाराच्या कल्पनेतून उतरलेली नाही. ती हाडामांसाची बाई होती, न्यूयॉर्कमधील श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करीत होती, आणि तिचे नाव मेरी मॅलन असे होते.

मी काही वैद्यकाचा विद्यार्थी नाही. जंतू, लस, पित्ताशय या विषयांत मला फारशी गती नाही. परंतु या बाईचे चरित्र वाचताना एक प्रश्न माझ्या मनातून हलेना. माणसाच्या शरीराविषयी डॉक्टरला जे कळते, ते कुणाचे? डॉक्टरचे, इस्पितळाचे, सरकारचे, की त्या माणसाचे? आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. चरकसंहितेत वैद्याच्या आचाराचे जे नियम दिले आहेत, त्यांत रोग्याच्या घरातील गोष्टी वैद्याने बाहेर फोडू नयेत असा स्पष्ट दंडक आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या नावाने चालत आलेल्या शपथेतही असेच वचन वैद्य देतो. म्हणजे मौन राखणे हा या व्यवसायाचा फार जुना धर्म आहे. तो मोडला की काय होते, हे मेरी मॅलनच्या आयुष्याइतके स्पष्ट दाखवणारी दुसरी हकीगत माझ्या वाचनात नाही.

मेरीचा जन्म १८६९ साली आयर्लंडच्या उत्तर भागातील कुक्सटाउन या गावी झाला. त्या काळी आयर्लंडमधील गरिबांची मुले जहाजाने अमेरिकेची वाट धरीत, तशी तीही पंधराएक वर्षांची असताना न्यूयॉर्कला आली. शिक्षण बेताचे, पण हात गुणी. मोठ्या घरांतून नोकरी करता करता ती स्वयंपाकीण झाली. नोकरांच्या उतरंडीत स्वयंपाकिणीची पायरी वरची. पगार चांगला आणि मानही बऱ्यापैकी. लग्न झालेले नाही, जवळचे आप्त नाहीत, पाठीशी पैसा नाही, अशा स्थितीत परक्या देशात तिने एकटीने मिळवलेली ही जागा होती. पुढे तिने हे काम सोडण्यास इतका कडवा विरोध का केला, हे समजून घ्यायचे तर ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

१९०६ च्या उन्हाळ्यात लाँग आयलंडवरील ऑयस्टर बे येथे वॉरन नावाच्या एका बँकरचे कुटुंब भाड्याच्या बंगल्यात राहायला आले. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचेही घर याच गावी होते, यावरून वस्ती कशी असेल याची कल्पना येईल. ऑगस्टच्या अखेरीस त्या घरातील अकरा माणसांपैकी सहा जणांना विषमज्वर झाला. विषमज्वर, म्हणजे आपल्याकडचा मुदतीचा ताप, हा घाणेरड्या पाण्याचा आणि दाटीच्या वस्तीचा रोग. तो बड्यांच्या बंगल्यात शिरला कसा? घरमालकाला चिंता पडली की आता हे घर पुन्हा भाड्याने जाणार नाही. त्याने जॉर्ज सोपर नावाच्या आरोग्य-अभियंत्याला शोधासाठी बोलावले.

सोपर यांनी पाणी, दूध, शौचकूप, समुद्रकाठी मिळणाऱ्या शिंपल्या, सारे तपासले. कशातच दोष निघेना. तेव्हा त्यांना कळले की रोग उद्भवण्यापूर्वी सुमारे तीन आठवडे घरात नवी स्वयंपाकीण आली होती आणि आता ती निघून गेली होती. नोकर पुरविणाऱ्या कचेरीतून त्यांनी तिच्या जुन्या नोकऱ्यांची माहिती काढली. एकेक घर गाठले. गेल्या काही वर्षांत ती जिथे जिथे राबली, त्यांतल्या सात घरांत विषमज्वर झाला होता. आजारी पडलेले बावीस आणि त्यांत एका मुलीचा मृत्यू. एके घरी तर सगळे अंथरुणाला खिळले असता मेरीनेच त्यांची शुश्रूषा केली आणि घरधन्याने खूश होऊन तिला पगारावर पन्नास डॉलर बक्षीस दिले होते. उकळत्या अन्नात जंतू टिकत नाहीत. पण कच्चे पीच कापून घातलेले आइस्क्रीम ती फार छान करी, आणि त्यातूनच रोग पसरला असावा असा सोपर यांचा तर्क होता.

इथवर त्यांचे काम नमुनेदार म्हणावे लागेल. स्वतः निरोगी असलेला माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकतो, ही कल्पना तेव्हा अगदी ताजी होती. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने ती नुकतीच मांडलेली. अमेरिकेत असा ‘निरोगी वाहक’ शोधून काढण्याचा मान सोपर यांना मिळाला. पण पुढे जे घडले, त्यात शास्त्र थोडे आणि अविवेक फार.

१९०७ च्या मार्चमध्ये मेरी पार्क अ‍ॅव्हेन्यूवरील एका घरी कामाला होती. सोपर सरळ तिच्या स्वयंपाकघरात गेले आणि तुझ्यामुळे माणसे आजारी पडतात, तेव्हा तुझे मल, मूत्र आणि रक्त तपासायला दे, असे तिला सांगू लागले. ती बाई आयुष्यात कधी विषमज्वराने आजारी पडल्याचे तिला ठाऊक नव्हते. परका पुरुष कामाच्या जागी येऊन असे काही मागतो म्हटल्यावर तिने मांस कापताना धरायचा काटा उचलला आणि त्यांच्या अंगावर धावली. सोपर पळाले. नंतर त्यांनी तिला तिच्या राहत्या जागी गाठले. तिथेही तोच प्रकार. इतिहासकार तिच्या संतापाचे वर्णन रंगवून करतात. मला वाटते, आपल्यापैकी कुणीही त्या जागी असता तर काटा नाही तरी लाटणे खासच उचलले असते.

मग नगराच्या आरोग्यखात्याने डॉ. जोसेफिन बेकर या तरुण डॉक्टरीणबाईंना पाठवले. त्या पोलीस आणि रुग्णवाहिका घेऊन आल्या. मेरी नाहीशी झाली. कित्येक तास शोध चालला. घरातल्या इतर नोकरांनी अळी मिळी गुपचिळी धरली होती. आपल्यातल्या बाईला त्यांनी पोलिसांच्या हवाली केले नाही. शेवटी मागच्या एका कोठीच्या दारात झग्याचा तुकडा अडकलेला दिसला आणि ती सापडली. लाथाबुक्क्या झाडणाऱ्या मेरीला गाडीत घातले, आणि इस्पितळ येईपर्यंत डॉक्टरीणबाई तिच्या अंगावर बसून राहिल्या. हा प्रसंग वाचताना पुण्याच्या वाचकाला १८९७ आठवल्यावाचून राहणार नाही. प्लेगच्या त्या साथीत गोऱ्या सोजिरांनी घराघरांत शिरून रोगी शोधले, माणसे छावण्यांत नेली आणि त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला. रोग खरा होता, उपाय आवश्यक होते, तरी लोकांच्या मनात राहिला तो अपमान.

तपासणीत मेरीच्या मलात विषमज्वराचे जंतू सापडले. तिला ईस्ट रिव्हरमधील नॉर्थ ब्रदर नावाच्या बेटावर, रिव्हरसाइड इस्पितळाच्या आवारातील एका लहानशा घरात नेऊन ठेवले. तिच्यावर आरोप नव्हता, खटला नव्हता, मुदतही नव्हती. १९०९ पर्यंत तिच्या मलाचे १६३ नमुने तपासले गेले. १२० मध्ये जंतू निघाले, बाकीच्यांत नाहीत. तिने बाहेरच्या एका खासगी प्रयोगशाळेत आपले नमुने पाठवले, तिथे जंतू सापडले नाहीत. डॉक्टर पित्ताशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुचवीत होते. त्या काळी ती जिवावरची होती आणि गुण येईलच अशी खात्री कुणीच देत नव्हते. तिने नकार दिला. इकडे बेटावर आल्यानंतर तिच्या डाव्या डोळ्याची पापणी लुळी पडली. डोळ्यांचे डॉक्टर आठवड्यातून तीन-चार वेळा त्या बेटावर येत असत. परंतु सहा महिने कुणी त्यांना मेरीकडे पाठवले नाही. तिच्या मलाची नोंद वहीत बिनचूक होत होती. तिच्या डोळ्याची चौकशी मात्र कुणाच्या कामाची नव्हती.

येथे सोपर पुन्हा येतात, आणि माझ्या दृष्टीने या चरित्रातील अत्यंत अर्थपूर्ण प्रसंग हाच आहे. इस्पितळात तिला भेटून त्यांनी एक देऊ केले. तू मला तुझी सगळी हकीगत सांग, मी तुझ्यावर पुस्तक लिहीन, तुझे खरे नाव कुठेही येऊ देणार नाही आणि मिळेल तो सगळा नफा तुला देईन. म्हणजे नाव गुप्त राखणे हे आपले कर्तव्य आहे, याची त्यांना जाणीव होती. पण ते त्यांनी सौद्यात घातले. मेरी काही बोलली नाही. उठून शौचालयात गेली आणि तिने दार लावून घेतले.

सुरुवातीला तिचे नाव खरोखरच झाकलेले होते. १९०७ च्या वर्तमानपत्री मजकुरात तिचे खरे नाव नव्हते. पण गुपित फुटायला चोर लागतोच असे नाही, विद्वानही पुरतात. १९०८ साली आरोग्यखात्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. विल्यम पार्क यांनी शिकागोच्या वैद्यकीय परिषदेत वाहकांविषयी निबंध वाचला. त्यानंतरच्या चर्चेत ‘टायफॉईड मेरी’ हे शब्द उच्चारले गेले आणि वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. बोलणाऱ्याच्या मनात कदाचित काही दुष्टावा नसेल. सभेत एक सुटसुटीत नाव पाहिजे होते, ते मिळाले. आपल्याकडे म्हणतात ना, एकदा कानफाट्या नाव पडले की पडले! पुढे जून १९०९ मध्ये ‘न्यूयॉर्क अमेरिकन’ या पत्राने तिचे खरे नाव छापले. सोबत चित्र होते: एक बाई तव्यात अंडी फोडावीत तशा माणसाच्या लहानलहान कवट्या टाकते आहे. प्रयोगशाळेतून परिषदेत, परिषदेतून नियतकालिकात, नियतकालिकातून वर्तमानपत्रात असा तिच्या आतड्यांचा वृत्तान्त दोन वर्षांत फिरला, आणि या प्रवासात तिची संमती कुठल्याच टप्प्यावर कुणी विचारली नाही.

तिला हे कळले होते. १९०९ च्या सुमारास तिने स्वतःच्या हाताने लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. भाषा ओबडधोबड, विरामचिन्हांचा पत्ता नाही, पण मुद्दा धारदार. आपण सगळ्यांसाठी तमाशाचा खेळ झालो आहोत, शिकाऊ डॉक्टरसुद्धा येऊन साऱ्या जगाला माहीत झालेलेच पुन्हा विचारतात, असे ती लिहिते. आणि मग विचारते की डॉ. पार्क यांना कुणी असेच नियतकालिकात छापून त्यांच्याच नावामागे टायफॉईड हा शब्द चिकटवला, तर त्यांना ते कसे वाटेल? रुग्णाच्या गुप्ततेविषयी मोठमोठे ग्रंथ झाले आहेत. या स्वयंपाकिणीच्या प्रश्नाइतका नेमका प्रश्न त्यांत क्वचितच असेल.

त्याच वर्षी तिने सुटकेसाठी न्यायालयात अर्ज केला. तो फेटाळला गेला. १९१० च्या फेब्रुवारीत नवे आरोग्य-आयुक्त अर्न्स्ट लेडर्ली यांनी तिला सोडले; स्वयंपाकाचे काम करणार नाही आणि ठराविक काळाने हजेरी देईन, असे तिच्याकडून लिहून घेतले. त्यांनीच तिला कपडे धुण्याच्या कामावर लावून दिले. ज्या बाईने आपल्या हाताच्या चवीवर आयुष्य उभे केले, तिला आता कमी पगारावर कपडे बडवायचे होते. दुसरी कला शिकवण्याची, पगारातली तूट भरून काढण्याची व्यवस्था कुणी केली नाही. आणि मेरी मॅलन या नावाने तर आता स्वयंपाकघराजवळसुद्धा उभे राहता येणार नव्हते. काही काळाने ती आरोग्यखात्याच्या नजरेआड झाली.

१९१५ च्या आरंभी न्यूयॉर्कच्या स्लोन या स्त्रियांच्या इस्पितळात विषमज्वर उद्भवला. पंचवीस जण आजारी पडले, बहुतेक डॉक्टर, परिचारिका आणि नोकरवर्ग; दोघे मरण पावले. इस्पितळाच्या प्रमुखांनी सोपर यांना बोलावले. ब्राउनबाई नावाची एक स्वयंपाकीण काही महिन्यांपूर्वी कामाला लागली होती. आणि ऐका: तिथले नोकरचाकर तिला थट्टेने ‘टायफॉईड मेरी’ म्हणून चिडवीत असत! ते नाव तोवर इतके रुळले होते की खरी मेरी समोर उभी असताना लोक ते तिलाच विनोदाने देत होते, आणि तिला ते मुकाट्याने ऐकावे लागत होते. सोपर यांच्यापुढे तिचे अक्षर ठेवले, त्यांनी ते ओळखले. ती पुन्हा पकडली गेली.

या दुसऱ्या प्रकरणात मेरीचा कैवार घेणे कठीण आहे, आणि मी घेणार नाही. बाळंतिणींच्या इस्पितळात तिने अन्न शिजवले. जंतूंवर तिचा विश्वास नव्हता हे मान्य केले, तरी दिलेला शब्द तिने मोडला होता आणि दोन माणसे गेली होती. तिच्या हातचे खाणाऱ्यांना आपले अन्न कोण शिजवते आहे हे कळण्याचा हक्क होता. पण प्रश्न असा की नेमके कुणाला कळायला हवे होते? जो तिला स्वयंपाकघरात ठेवील त्याला, आणि आरोग्यखात्याला. वर्तमानपत्रांच्या हजारो वाचकांना ते कळून एकाही माणसाचा ताप टळला नाही. उलट झाले ते हे की खरे नाव सांगून जगणे तिला अशक्य झाले, म्हणून तिने नाव बदलले. आणि नाव बदलताच ज्यांना खरोखरच कळायला हवे होते त्यांनाच ते कळेनासे झाले. गुप्तता राखण्याने साथ वाढते अशी पुष्कळांची समजूत असते. येथे गुप्तता मोडल्याने ती वाढली.

शिवाय ती एकटीच वाहक नव्हती. तिच्या हयातीत न्यूयॉर्कच्या आरोग्यखात्याने असे शेकडो वाहक नोंदले. १९२४ साली एक पाव-बिस्किटांचा कारखानदार मनाई असताना खाद्यपदार्थ हाताळताना सापडला. तो म्हणाला, धंदा मी दूरध्वनीवरून पाहीन. न्यायाधीशांनी त्याला घरी सोडले. त्याचे टोपणनाव कुणी ठेवले नाही. मेरी बाई होती, परदेशातून आलेली होती, गरीब होती, तोंडाने फटकळ होती आणि कुणापुढे रडत नव्हती. अशा माणसाची लाज झाकण्याची तसदी समाज सहसा घेत नाही.

या गोष्टी अमेरिकेतच घडतात असे समजून निर्धास्त राहण्याचे कारण नाही. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाने रक्तदान केले होते. रक्तात एड्सचा विषाणू सापडला. ही माहिती त्याला नीट सांगण्याआधी पोलिसांच्या हाती पडली. त्याला धरून क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात चौसष्ट दिवस एकटे ठेवले. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. डॉमिनिक १९९२ मध्ये वारला. रुग्णाच्या संमतीवाचून त्याची अशी माहिती उघड करण्यास बंदी घालणारा एचआयव्हीविषयीचा कायदा संसदेत मंजूर झाला तो २०१७ साली. आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, २०२० च्या मार्चमध्ये, करोनाच्या भयाने आपल्या महाराष्ट्रात घरी विलग केलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के उमटवले गेले. साथीत काही बंधने लागतात हे कोण नाकारील? पण हातावरचा शिक्का फक्त डॉक्टर वाचीत नाही. तो शेजारी वाचतो, वाणी वाचतो, बसचा कंडक्टर वाचतो.

मेरी १९१५ नंतर बेटाबाहेर राहायला पुन्हा आली नाही. तेवीस वर्षे सलग. आधीची धरून सव्वीस. वय वाढले तसा तिचा राग निवला असावा. १९१८ पासून तिला इस्पितळात काम मिळाले, दिवसापुरते शहरात जाऊन येण्याची मोकळीक मिळाली, आणि ठरल्या वेळी ती परत येत असे. पुढे ती तिथल्याच प्रयोगशाळेत मदतनीस झाली. ज्या काचेच्या नळ्यांनी तिला कैद केले, त्याच ती धूत होती. आपल्या पूर्वायुष्याविषयी ती सहकाऱ्यांशी बोलत नसे, आणि ज्यांच्याशी तिचे जमे ती माणसेही तो विषय काढीत नसत. सबंध चरित्रात तिच्या मौनाचा मान राखला गेल्याचे आढळते ते इथेच.

१९३२ च्या डिसेंबरात तिला पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर सहा वर्षे ती अंथरुणावर होती. ११ नोव्हेंबर १९३८ रोजी तिचा अंत झाला. चर्चमध्ये तिच्या अंत्यविधीला नऊ माणसे होती. ब्राँक्स भागातील दफनभूमीत तिच्या थडग्यावर मेरी मॅलन हे नाव आणि मृत्यूची तारीख आहे.

पुढच्याच वर्षी, १९३९ साली, डॉ. बेकर यांचे आत्मचरित्र आणि सोपर यांचा दीर्घ लेख अशी दोन लेखने प्रसिद्ध झाली. आज मेरीविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते बरेचसे या दोघांच्याच लेखणीतून आलेले आहे. सोपर यांच्या लेखाच्या शीर्षकातच ते टोपणनाव आहे. आत तिचे राहणे, बोलणे, तिचे शौचालयाचे दार लावून घेणे, सारे काही आहे. खरे नाव येऊ देणार नाही असे त्यांनी तिला जे सांगितले होते, त्याचीही नोंद त्यांनी त्याच लेखात केली आहे.